विनयच्या पायाची गाडी

माझी थोरली बहीण भानुमती पन्नाशीला टेकल्यावर गाडी चालवायला शिकली. लोक तिचं कौतुक करायचे, बघा, या वयात. मला त्या कौतुकाचा राग यायचा. कारण ती आपल्या पद्धतीनं चालवत नव्हती, आपल्या मुलाच्या, विनयच्या पद्धतीनं चालवत होती. आणि विनय जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे काय प्रकरण आहे ते नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, सुरेखाचं आपलं काहीतरीच.

आम्ही मूळच्या कोल्हापूरच्या. मी बहिणीला आक्का म्हणते आणि तिच्या नवऱ्याला, हरिदास मिठारींना, दाजी. दाजींच्या वडिलांची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती. वाळूचे साचे, वितळलेलं ॲल्युमिनियम, इंजिनांचे सुटे भाग, यातच दाजी वाढले. पुढे फरीदाबादच्या एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात लागले आणि आक्काला घेऊन इकडे आले. काही वर्षांनी माझ्या यजमानांची बदली दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात झाली, म्हणून मीही आले. आम्ही नोएडात, ते फरीदाबादला सेक्टर सोळात. मधे यमुना. आक्का म्हणायची, सुरे, तू नदीपलीकडून बोललीस तरी मला इथं ऐकू येतं.

आक्का माझ्या अगदी उलट. पावलाचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही, दार लावलं तरी कळायचं नाही. स्वयंपाकघरात आहे की नाही ते बघायला आत डोकवावं लागे. आणि तिच्या पोटी आला तो विनय. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणार, दार आपटणार, पाणी पिऊन भांडं ओट्यावर आदळणार. "अरे, पाय आहेत की मुसळं?" असं आक्का दिवसातून कितीदा तरी म्हणायची. तो म्हणायचा, "आई, टेन्शन नको घेऊ यार," आणि पुढचं दार आपटून निघून जायचा.

एक्क्याण्णवनंतर देश उघडला म्हणतात. सेक्टर सोळात दारोदार नव्या गाड्या दिसायला लागल्या, गुळगुळीत, रंगीबेरंगी. दाजींनी घेतली ती जुनी फियाट. विनय तेव्हा कॉलेजात होता. बापलेकांनी मिळून ती पूर्ण खोलली आणि अंगणभर मांडली. तुळशीच्या कट्ट्यावर पिस्टन वाळत ठेवलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. आक्का त्याच कट्ट्याला पाणी घालून, पिस्टनांना वळसा घालून, हात जोडून आत जायची.

दाजींना समजावून सांगायची हौस होती. म्हणायचे, "सुरेखा, चुलीला फुंकणी असते. या इंजिनाला कुणी फुंकणारं नाही. ते आपल्या छातीनं ओढेल तेवढीच हवा. म्हणून वाट मोठी करायची." वाट म्हणजे मॅनिफोल्ड, कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंत हवा आणि पेट्रोल घेऊन जाणाऱ्या नळ्या. दाजींनी नव्या, रुंद नळ्यांचा लाकडी नमुना स्वतः तासला आणि कोल्हापूरला पाठवला. तिथं त्यांच्या भावानं फाउंड्रीत त्यावरून ओतकाम केलं, आणि दिवाळीला इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी, वळकटीत गुंडाळून, मॅनिफोल्ड रेल्वेनं आला. आतून खडबडीत होता. विनय कितीतरी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, काठीला पॉलिश पेपर गुंडाळून तो आतून घासत होता. मग त्यावर मोठा कार्बोरेटर बसला. मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड झाला हो." दाजी म्हणाले, "अगं, नाकच मोठं केलंय."

खरं काम पुढेच होतं. हवा किती आणि पेट्रोल किती, हे जुळवण्यात त्यांचे रविवारमागून रविवार गेले. गाडी पळवून आणायची, प्लग काढायचा आणि टोकाचा रंग बघायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा पडला तर जास्त, चहात बुडवायच्या बिस्किटासारखा असला की बरोबर. पण विनय ॲक्सिलरेटर दाबत नसे, त्यावर उभाच राहत असे. शेवटी दाजींनी गाडी त्याच्या पायाला जुळवली. धाडकन दाबलं की पेट्रोलची पिचकारी सुटणार आणि गाडी झेप घेणार. तुम्ही-मी दाबतो तसं हळू दाबलं, तर त्या रुंद नळ्यांत नुसती हवाच हवा, पेट्रोल अपुरं, आणि गाडी दोन आचके देऊन बंद. दाजींना स्वतःलाही ती धड चालवता यायची नाही, आणि त्याचाच त्यांना केवढा अभिमान. कुणीही विचारलं की सांगायचे, ही विनयच्या पायाची गाडी.

तेव्हा नोएडाचे पुढचे सेक्टर म्हणजे नुसते नंबर होते. रस्ते झाले होते, दिव्यांचे खांब उभे होते, घरं नव्हती. हिवाळ्यात रविवारी सकाळी दिल्लीतली काही पोरं आपापल्या गाड्या घेऊन तिथं जमायची आणि एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत पळवायची. आम्ही पोह्यांचे डबे घेऊन जायचो. दाजी रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे, नीट ऐकू यावं म्हणून. आक्काही पाठ करून, तिला बघवत नसे म्हणून. नवराबायको एकाच दिशेला तोंड करून उभे, एक हसतोय, एक देवाचं नाव घेतेय, आणि मागून विनय सूंकन जातोय. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आक्काला भीती होती ती गाडीची, आणि पोर गेलं ते डासानं. शहाण्णवच्या पावसाळ्याअखेरीस दिल्लीत डेंग्यूची साथ होती. त्याला ताप आला, ताप उतरला, आम्ही म्हटलं सुटलो, आणि मग रक्त जायला लागलं. माझे यजमान रक्तपेढ्यांतून फिरत राहिले. बावीस वर्षांचा पोरगा होता हो. याहून जास्त मला सांगवत नाही.

त्यानंतर दाजी दर रविवारी गाडी सुरू करायचे, बॉनेट उघडून जरा वेळ उभे राहायचे, आणि बंद करून वर कापड घालायचे. आजूबाजूच्या अर्ध्या सेक्टरचे कार्बोरेटर त्यांनी जुळवून दिले असतील, पण या गाडीच्या एका स्क्रूला हात लावला नाही. कुणी म्हटलं की जरा बदला, निदान वापरता तरी येईल, तर म्हणायचे, "त्याचं सेटिंग आहे ते." पोरगा त्यात उरलाय असंच त्यांना वाटत होतं. आक्कानं विनयचे कपडे देऊन टाकले, पुस्तकं देऊन टाकली. गाडीचं काय करायचं हे तिला कुणी विचारलंच नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. व्यायामासाठी त्यांना दिल्लीच्या इस्पितळात न्यायला लागायचं, आठवड्यातून तीनदा. फरीदाबादचे ऑटोवाले दिल्लीत यायला तयार नसत, बसमध्ये त्यांना चढवणं अशक्य, आणि माझे यजमान तरी रोज कुठून मोकळे असणार. एक दिवस आक्का फोनवर म्हणाली, "मी ड्रायव्हिंग शिकतेय." मी म्हटलं, "बिल्कुल शिक." मला खरंच आनंद झाला. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर ती छान शिकली. तिचा मुळात पायच हलका. शिकवणारा सरदारजी म्हणाला, "माताजी, आप तो मक्खन चलाती हो."

मग ती फियाटमध्ये बसली. फाटकातून बाहेर निघेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. मथुरा रोडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की ही हळूच पाय ठेवायची आणि गाडी जागच्या जागी गप्प. मागून बस बोंबलतेय, ट्रकवाले तोंडाला येईल ते बोलतायत, शेजारी दाजी एका अंगावर कललेले. असं दोन-चारदा झाल्यावर माझ्या यजमानांनी ओळखीचा मेकॅनिक आणला, श्याम. त्यानं बॉनेट उघडलं, त्या नळ्या बघून शीळ घातली आणि म्हणाला, "आंटी के हिसाब से सेट कर देता हूँ." घरातून धपधप आवाज आला. दाजी खाटेवरून उठू बघत होते, उठता येईना म्हणून डाव्या हातानं काठी फरशीवर आपटत होते. तोंडातून शब्द धड येत नव्हते, पण "नाही" तेवढं स्वच्छ आलं. श्यामनं बॉनेट लावलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

मी भडकले. "दाजी, पोरगा तुमचा गेला तसा आमचाही गेला. पण ही जिवंत बाई रोज चौकात मरतेय, तिचं काय?" दाजींनी भिंतीकडे तोंड केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. मी आक्काला म्हटलं, चल माझ्याकडे, चार दिवस राहा, कळू दे यांना. ती म्हणाली, "राहू दे गं. मी पाय बदलते."

म्हणजे बघा. गाडीचा एक स्क्रू बदलायचा नाही, बाईनं पाय बदलायचा. माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिच्याकडे बघून गिळलं.

आणि तिनं खरंच बदलला. दुपारी रस्ता सामसूम असताना ती एकटीच गाडी घेऊन सेक्टरच्या मागच्या बाजूला जायची. कशी शिकली ते तिनं मला नंतर सांगितलं. ती विनयला आठवायची. तो सीट किती मागे सरकवायचा, टाच उचलून सगळं पाऊल कसं आपटायचा, गिअर टाकताना त्याचा खांदा कसा पुढे यायचा. ज्याला जन्मभर हळू चाल, हळू चाल म्हणून ओरडली, त्याची चाल ती आता आठवून आठवून अंगात मुरवत होती. कुणी आई असं करील का? पण तिला दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नव्हता.

मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मागच्या सीटवर होते. तिनं पाय आपटला, गाडी झेपावली आणि मी पाठीवर आदळले. आक्काचा पदर खोचलेला, दात आवळलेले, कपाळावर घाम. आणि त्या नळ्यांचा तोच घोगरा आवाज. पुढे दाजी डोळे मिटून बसले होते, आणि झटक्यानं वाकडं झालेलं त्यांचं तोंड हसत होतं. शहाण्णवनंतर मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं.

व्यायामानं म्हणा की गाडीनं म्हणा, दाजी सुधारायला लागले. इस्पितळाच्या दिवशी सकाळपासून तयार होऊन बसायचे. उजवा पाय थोडा जोर धरू लागला, बोलणं थोडं सुटलं, डॉक्टर खूश. वाळायला लागली ती आक्का. एकदा दाजी आत व्यायामाला गेले होते आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. मी विचारलं, तुला होतंय तरी काय. ती म्हणाली, "सुरे, यांना तो रोज भेटतो. मला तो रोज जातो. चालवत असते तोवर असतो. गाडी बंद केली की पाय हलका होतो, आणि मग कळतं."

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? एवढंच तर उरलंय त्यांच्याकडे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. मी मात्र त्या दिवसापासून दाजींशी सरळ बोलले नाही. त्यांना ते कळलं असावं, पण कारण कळलं नसावं.

जानेवारीतली गोष्ट. धुकं फाटल्यावर आम्ही तिघं इस्पितळातून परत येत होतो. बदरपूर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, आणि आक्कानं पाय दाबला. दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "विनू, हळू." अडखळत म्हणाले, पण लाडानं, पूर्वी म्हणायचे तसंच.

आक्कानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत ती म्हणाली, "मी विनू नाही. मी भानू आहे."

दाजींनी डोळे उघडले.

"पोटात वाहिला तेव्हा तो यायचा होता," ती म्हणाली. "आता पायात वाहतेय आणि तो येणार नाहीये. माझ्याच्यानं होत नाही हो."

बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी आमची गाडी हलत होती. मी तोंड उघडलं नाही, यावर माझे यजमान अजून विश्वास ठेवत नाहीत. थोड्या वेळानं आक्कानं चावी फिरवली. घरी पोचायला तिला पुन्हा तसाच पाय आपटावा लागला, नाहीतर गाडी हललीच नसती.

घरी आल्यावर तिनं चावी खुंटीला लावली ती लावलीच. इस्पितळाला जाणं बंद झालं. मी फोन केला की आक्का म्हणायची, सगळं ठीक आहे. ती ताट वाढायची, दाजी अर्धं टाकायचे, ती उचलायची. एकमेकांवर राग नव्हता, भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी मधे पडून दोघांना चार शब्द सुनावले असते.

असे काही दिवस गेले आणि एका दुपारी मी तिकडे गेले, तर दाजी अंगणात खुर्ची टाकून गाडीच्या पुढ्यात बसले होते. मांडीवर स्क्रू ड्रायव्हर. आक्का शेजारी उभी होती, पदराला हात पुसत, काही न समजल्यासारखी. मला बघून दाजी म्हणाले, "बरं झालं आलीस." मग आक्काला म्हणाले, "भानू, बॉनेट उघड."

तिनं उघडलं. कार्बोरेटरच्या बुडाशी एक छोटा पितळी स्क्रू असतो, पेट्रोल कमी-जास्त करायचा. दाजींनी डाव्या हाताच्या बोटानं तो दाखवला आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. या स्क्रूचा एक नेम आहे. तो हलवण्याआधी पार आत फिरवायचा आणि किती फेरे बसले ते मोजायचं, म्हणजे पुढेमागे होता तसा परत आणता येतो. दाजींनी विनयला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, आणि आक्का पोळ्या लाटता लाटता ते ऐकत आली होती. तिनं टोक खाचेत बसवलं, स्क्रू आत फिरवला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एक."

दाजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "मोजू नको."

"अहो, पण मग परत तसं कसं..."

"मोजलंस तर मी परत मागेन."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. दाजी तिच्याकडे बघत नव्हते, त्या स्क्रूकडे बघत होते. मग तिनं फिरवला. आत, बाहेर, पुन्हा आत, कितीही, कसाही. मी तोंडाला पदर लावून रडत होते. दाजींच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, पण डावा हात त्यांनी तिच्या मनगटावरून काढला नाही.

पुढचं काम मग कामासारखं झालं. गाडी सुरू केली. पिचकारीच्या दांडीचा नट तिनं त्यांनी सांगितला तसा फिरवला. दाजी मान तिरकी करून ऐकायचे आणि बोट हलवायचे, थोडं बाहेर, अजून थोडं, बस. मधेच तिला आत बसायला सांगायचे. "दाब." तिनं सवयीनं धाडकन दाबलं. दाजी म्हणाले, "तसा नाही. तुझ्या पायानं." तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पाय हळूच ठेवला. गाडी आचका न देता चढत गेली, एका सुरात. असलं बिनतक्रार इंजिन त्या अंगणात कधी वाजलंच नव्हतं.

"एक चक्कर मारून ये," दाजी म्हणाले.

गाडी फाटकातून गेली, एकदाही बंद पडली नाही. दाजी खुर्चीत डोळे मिटून, रस्त्याकडे कान देऊन बसले. मी चहाचं विचारलं, त्यांनी मान हलवली. सेक्टरच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, मग एक भाजीवाला ओरडत गेला. दाजी तसेच ऐकत होते.

मला आक्का वळणावर दिसली. गाडी हलकेच आली, फाटकाशी थांबली, तिनं उतरून पूर्वीसारखं आवाज न होता दार लावलं. चेहरा किती वर्षांनी तिचा स्वतःचा दिसत होता. ती चालत दाजींच्या मागे येऊन उभी राहिली, तरी ते डोळे मिटून रस्त्याचा कानोसा घेतच होते. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले.

"कधी आलीस?" त्यांनी विचारलं.